घरच्या घरी गाडीचं पॉलिश आणि सीलंट: किती काढायचं, काय राखायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. २०१९ची गडद निळी सेदान, पुण्याजवळच्या वाघोलीतल्या सोसायटीत उघड्यावर उभी असते. गाडी धुणारे दादा रोज सकाळी टँकर-बोअरच्या पाण्याने फडकं मारून जातात. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल चरे दिसतात, टपावर पाण्याचे पांढरे डाग बसलेत आणि ते धुऊन जात नाहीत. मागचा बंपर एकदा बाहेर रंगवून घेतलाय. सिरॅमिक कोटिंगचे पंचवीस हजार सांगितले गेलेत. तुम्हाला हवंय ते असं: मशिन विकत घेऊन हे घरीच करता येईल का, कंपाउंड (रंग घासणारी जाड पॉलिश) कुठलं घ्यावं, आणि वरून रक्षणासाठी वॅक्स (मेण) लावावं, सीलंट (पॉलिमरचा पातळ थर) लावावं की सिरॅमिक. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय.

करता येईल, आणि नीट केलंत तर गल्लीतल्या गॅरेजपेक्षा चांगलं होईल, कारण तुमच्याकडे वेळ आहे आणि गाडी तुमची आहे. पण कंपाउंड कुठलं हा इथला मुख्य प्रश्न नाही. तुमच्या गाडीवर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) किती शिल्लक आहे, त्यातला किती खर्च करायला तुम्ही तयार आहात, आणि ज्या सवयीने चरे पडले ती सवय पुढे चालू राहणार आहे का, हे तीन प्रश्न आधी सोडवावे लागतील. बाटलीची निवड त्यानंतर सोपी होते.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर एकावर एक चार थर असतात. पत्र्याला चिकटून गंज रोखणारा ई-कोट, त्यावर प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण ९० ते १४० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा हिस्सा. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. गाडीची लकाकी त्याच थराची, उन्हापासून रंगाचं रक्षण तोच करतो, आणि तुम्हाला दिसणारे चरेही त्याच थरात आहेत.

चरा म्हणजे खाच. पॉलिश ती खाच भरत नाही. खाचेच्या आजूबाजूचा भाग घासून तिच्या तळापर्यंत खाली आणतं. म्हणजे प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोट थोडा तरी कमी होतोच. डीए मशिन (पॅड फिरवतं आणि डगमगवतंही, पुढे सांगतो) आणि मध्यम पॉलिश वापरलं तर एका वेळेला अंदाजे १ ते २ मायक्रॉन जातात. जाड कंपाउंड, लोकरीचा बफ (घासायचा पॅड) आणि रोटरी मशिन (नुसतं गोल फिरणारं) असेल तर त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. आमच्या धंद्यात ढोबळ मर्यादा अशी पाळतात की गाडीच्या सबंध आयुष्यात मिळून ८-१० मायक्रॉनच्या पुढे जायचं नाही, कारण अतिनील किरण अडवणारी द्रव्यं याच थरात मिसळलेली असतात. थर पातळ झाला की काही उन्हाळ्यांनंतर तो पांढुरका पडतो, मग त्याचे पापुद्रे सुटायला लागतात. तिथे पॉलिशचा उपयोग संपतो. तो पॅनल पुन्हा रंगवावाच लागतो.

दर दिवाळीला हौसेने ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. मालकाने प्रेमानेच केलेलं असतं. पण बॉनेटच्या उठावाच्या रेघेवर, दरवाजाच्या काठावर रंग उडून प्रायमर डोकावत असतो. अशा गाडीला मी मशिन लावत नाही, धुऊन सीलंट लावून परत देतो. तुमच्याही गाडीला आजवर सर्व्हिसिंगच्या वेळी किती वेळा रबिंग झालंय ते बिलं काढून पाहा. हा आकडा तुमच्या निर्णयात फार महत्त्वाचा आहे.

जमलं तर जवळच्या एखाद्या डिटेलिंगवाल्याकडून (गाडीची बारकाईने सफाई-पॉलिश करणाऱ्याकडून) रंगाची जाडी मीटरने मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक पॅनलवर चार-पाच जागी मोजायचं. एकटा आकडा फारसं सांगत नाही, आकड्यांमधला फरक सांगतो. सगळीकडे ११० ते १२० आणि एका दरवाजावर २५० आला, तर तो दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. ५००च्या पुढे गेला तर खाली पुट्टी आहे. आणि बाकी गाडी ११०-१२० असताना बॉनेटच्या एखाद्या भागात ८० दिसला, तर तिथे आधीच कोणीतरी भरपूर घासलंय. त्या जागेला मशिन लावू नका. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं मीटर चालत नाही. तुमचा बंपर बाहेर रंगवलेला, म्हणजे त्यावर क्लिअर कोट किती मारलाय ते कळायला मार्ग नाही. शिवाय प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे रंग पटकन तापतो. बंपर हाताने, सौम्य पॉलिशने करा आणि जेवढं होईल तेवढ्यावर थांबा.

काही गोष्टी मी इथून सांगू शकत नाही, त्या गाडीवर हात फिरवल्यावरच कळतात. एक म्हणजे तुमचा क्लिअर कोट मऊ आहे की कडक. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही हा फरक सापडतो. दुसरं म्हणजे चरे किती खोल आहेत. चऱ्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, त्याच्या कडा गोलसर होऊन तो कमी नजरेत भरेल एवढंच. त्याच्यामागे लागून भोवतालचा रंग पातळ करू नका. रोजच्या वापराच्या गाडीवर सत्तर-ऐंशी टक्के चरे गेले की काम झालं असं मी मानतो. उरलेले वीस टक्के काढायला तितकाच क्लिअर कोट पुन्हा खर्च होतो, आणि तो पुढच्या वर्षांसाठी ठेवलेला बरा.

आता पाण्याचे डाग. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात तापलेल्या टपावर थेंब सुकला की पाणी उडून जातं आणि क्षाराचं कडं मागे राहतं. हे कडं नुसतं वर बसलेलं असेल तर ते घासायचं नाही, विरघळवायचं. साधं पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी एकत्र करा, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना मायक्रोफायबरच्या फडक्याला लावून ते डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. सुकू द्यायचं नाही. दोनदा करून पाहा. बेसमेंट पार्किंगच्या स्लॅबमधून टपकणाऱ्या चुन्याच्या पाण्याच्या ओघळांनाही हाच उपाय, फक्त ते जितके जुने तितके चिवट. व्हिनेगरनंतरही कड्याची कड बोटाला लागत असेल, तर क्षाराने क्लिअर कोट खाल्लाय असं समजा. असे डाग पॉलिशने कमी होतात, सगळेच जात नाहीत. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच: त्यातलं आम्ल तापलेल्या रंगात उतरतं आणि मे महिन्यात तर त्याला एक दुपार पुरते.

पॉलिशच्या आधीची सफाई हा कंटाळवाणा भाग आहे आणि अर्धं काम तिथेच होतं. पृष्ठभागावर धूळ असताना मशिन फिरवलं तर तीच धूळ पॅडखाली सापडून नवे चरे पाडते. वाघोलीच्या परिसरात खडी-क्रशरची आणि बांधकामांची धूळ आहे. आपल्याकडचा काळा दगड क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो, त्यामुळे तिथल्या धुळीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. आधी नुसत्या पाण्याने सगळी धूळ उतरवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मिट (धुवायचा मऊ हातमोजा) शाम्पूत बुडवून एक पॅनल धुवायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं. दरवाजांचा खालचा भाग आणि चाकांमागचा भाग सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्याने. कपड्यांची पावडर वापरू नका.

धुतल्यावर एक सोपी परीक्षा करा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून ओल्या बॉनेटवर बोटं फिरवा. पिशवीतून बारीकसारीक खरखर जास्त जाणवते. खरखर लागली तर रंगात लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक असं काहीतरी रुतलंय. लोखंडाच्या कणांसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की कणांशी संयोग होऊन जांभळे ओघळ येतात. त्याला उग्र वास असतो, म्हणून मोकळ्या हवेत, हातमोजे घालून मारा आणि सुकायच्या आत धुवा. डांबराला टार रिमूव्हर. आंब्याखाली गाडी उभी करणाऱ्यांना मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट स्राव त्रास देतो. तो ताजा असताना कोमट पाण्याने निघतो, उन्हात भाजला की निघत नाही. एवढं करूनही खरखर राहिली तरच क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा) घ्या. शाम्पूचं पाणी भरपूर फवारून, दाब न देता, लहान लहान भागात सरळ रेषेत फिरवा आणि मळलेली बाजू आत दुमडत राहा. क्ले खाली जमिनीवर पडला तर फेकून द्या, धुऊन परत वापरू नका. त्यात रुतलेला एक खडा सगळं बॉनेट खराब करतो. क्लेने थोडे पुसट ओरखडे येतातच, म्हणून क्लेनंतर पॉलिश हा क्रम आहे.

मशिनबद्दल मी स्पष्टच सांगतो. अँगल ग्राइंडरला बफ लावून पॉलिश करण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. साधा ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. रंगासाठीचं रोटरी मशिन ६०० ते ३,००० फेऱ्यांत चालवतात. ग्राइंडरने काही सेकंदांत कड जळते. ड्रिलला लावायच्या पॅडचाही नाद नको, त्यावर ताबा राहत नाही. रोटरी मशिन हे अनुभवी हाताचं हत्यार आहे. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन मशिन घ्यावं, ५ इंची प्लेटचं आणि शक्यतो १५ मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे पॅडच्या डगमगण्याचा घेर). त्यातला पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी डगमगतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. जास्त दाबलंत तर पॅडचं फिरणं थांबतं आणि नुसतं थरथरणं उरतं. हीच त्यातली सुरक्षितता. प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी होऊन एका जागी थरथरली तर दाब जास्त झालाय किंवा पॅड तिरका पडलाय.

एका गाडीसाठी मशिन विकत घ्यावं का, हा तुमचा हिशेब आहे. वर्षातून एकदाच काम असेल तर दोन-तीन मित्रांनी मिळून घेतलेलं बरं. पैसे वाचवायचेच असतील तर मशिनच्या ब्रँडवर वाचवा, पॅड आणि फडक्यांवर वाचवू नका. मध्यम फोमचे किमान चार पॅड, दोन मऊ फिनिशिंग पॅड आणि काठ न शिवलेली दहा-बारा मायक्रोफायबर फडकी लागतील. एकाच पॅडवर सगळी गाडी उरकायला गेलात तर तो पॉलिशने आणि निघालेल्या क्लिअर कोटने गच्च होतो, तापतो आणि कापायचा थांबतो. मग माणूस जोर लावतो, आणि नुकसान तिथेच होतं.

पॉलिश थ्रीएम, मेगायर्स, मेनझेर्ना, सोनाक्स यांपैकी कुठलंही चालेल. कंपनीपेक्षा त्याची धार, म्हणजे ते किती घासतं, महत्त्वाची. तुम्ही ‘हेवी कट’ घेऊ नका. एक मध्यम पॉलिश आणि एक फिनिशिंग पॉलिश पुरे. बॉनेटचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा टेपने आखून घ्या आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करा: फिनिशिंग पॉलिश, मऊ पॅड. पुसून उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली पाहा. चरे पुरेसे गेले तर सगळी गाडी त्यानेच करा. गेले नाहीत तर त्याच तुकड्यावर मध्यम पॉलिश, मऊ पॅड. तरी नाही तर मध्यम पॉलिश, मध्यम पॅड. ज्या पायरीवर समाधान होईल तिथे थांबायचं. अनेक जण उलट जातात, सगळ्यात जाड कंपाउंडने सुरुवात करून त्याने आलेला धुरकटपणा काढत बसतात. त्यात जो क्लिअर कोट गेला तो विनाकारण गेला.

तपासताना एक काळजी घ्या. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यात भरून बसतात आणि गाडी त्या दिवशी सुंदर दिसते. दोन धुण्यांनंतर चरे परत वर येतात आणि लोक म्हणतात की पॉलिश टिकलंच नाही. मुळात चरे गेलेलेच नसतात. म्हणून चाचणीचा तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच निकाल लावा. एक भाग अल्कोहोल आणि पाच-सहा भाग पाणी, एवढं पातळ पुरतं.

प्रत्यक्ष फिरवायची पद्धत अशी. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. मे महिन्यात पुण्यात याचा अर्थ पहाटे साडेपाच ते नऊ, किंवा सूर्य मावळल्यावर चांगल्या दिव्याखाली. काळे प्लास्टिकचे भाग, रबराच्या पट्ट्या, बिल्ले यांवर मास्किंग टेप लावा. पॉलिश खरखरीत काळ्या प्लास्टिकवर सुकलं तर पांढरे डाग राहतात. दरवाजाचे काठ, बॉनेटच्या उठावाच्या रेघा यांवरही टेप लावा, कारण कडांवर रंग मुळातच पातळ असतो. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आधी सगळ्यात कमी वेगावर पसरवून घ्या, मग सहापैकी चौथ्या वेगावर. एक ओळ आडवी, पुढची ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवून, मग उभ्या ओळी. हात सावकाश चालवायचा, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. दाब मशिनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. आडव्या-उभ्या मिळून चार ते सहा फेऱ्या झाल्या की थांबा, पुसा, पाहा. दर तुकड्यानंतर पॅड ब्रशने झटकून घ्या. वायर खांद्यावरून मागे टाका, नाहीतर ती पत्र्यावर घासत राहते. मास्क आणि चष्मा लावा, भुकटी उडते.

मोठ्या सेदानला, पहिल्यांदा करताना, सफाईला एक दिवस आणि पॉलिशला दोन सकाळी धरा. एका दिवसात उरकायचा अट्टहास करू नका. थकलेल्या हाताने दुपारी तीन वाजता केलेल्या पॅनलवर होलोग्राम (उन्हात दिसणाऱ्या मशिनच्या फिरत्या खुणा) आणि धुरकट पट्टे राहतात.

मॅट रंगाच्या गाडीला यातलं काहीही करू नका, ती चमकेल आणि डागाळल्यासारखी दिसेल. नव्याने रंगवलेल्या पॅनलला निदान महिना-दोन महिने सीलंट लावू नका, रंगातली द्रावणं बाहेर पडायला वेळ लागतो. तुमचा बंपर जुना आहे, त्याला हरकत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जाडी तपासा, डाग विरघळवा, धुवा, रुतलेलं काढा, सगळ्यात सौम्य पॉलिशची चाचणी घ्या, सत्तर-ऐंशी टक्क्यांवर थांबा. इथपर्यंत आपण फक्त काढत होतो. सीलंट हा त्यावरचा थर आहे, आणि पॉलिशची तेलं अल्कोहोलने पुसून काढल्याशिवाय तो रंगाला नीट धरत नाही.

वॅक्स म्हणजे बहुधा कार्नुबा, ब्राझीलमधल्या ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण. गडद रंगावर त्याची खोली सुंदर दिसते, मला स्वतःला आवडतं. पण आपल्याकडच्या उन्हात उघड्यावरच्या गाडीवर ते महिना-दीड महिनाच टिकतं. हौस म्हणून लावा, पावसाळ्याची तयारी म्हणून नको. पॉलिमर सीलंट चार-सहा महिने जातं, लावायला सोपं आहे, आणि चुकलं तर पुसून पुन्हा लावता येतं. सिरॅमिक कोटिंग योग्य पृष्ठभागावर, योग्य हाताने लावलं आणि नीट सांभाळलं तर एक ते तीन वर्षं जातं.

तरीही तुम्हाला मी आत्ता सिरॅमिक सांगणार नाही. त्यावर लिहिलेला ‘९एच’ हा पेन्सिलीच्या कडकपणाचा दर्जा आहे. खनिजांची जी मोजपट्टी असते, जिच्यावर हिरा १०वर आणि वाळूतलं क्वार्ट्झ ७वर आहे, तिच्याशी त्याचा संबंध नाही. वाळूचा कण सिरॅमिकवरही चरा पाडतो. खडी उडून पडणारा टवका ते रोखत नाही, ते काम पीपीएफचं, म्हणजे रंगावर चिकटवायच्या जाड पारदर्शक फिल्मचं. आणि सिरॅमिकवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात, ते पाहायला छान वाटतात, पण टँकरच्या क्षारयुक्त पाण्याचे असे थेंब उन्हात सुकले तर प्रत्येक थेंबाचं एक कडं कोटिंगवर बसतं. तुमची गाडी उघड्यावर आहे, पाणी जड आहे, धुणं दुसऱ्याच्या हातात आहे. या तीन गोष्टी बदलल्याशिवाय पंचवीस हजारांचा थर त्याच फडक्याखाली जाणार. घरी लावायच्या सिरॅमिकची आणखी एक अडचण आहे: दमट हवेत ते झपाट्याने आवळतं, वेळेत पुसलं नाही तर ठिपके-पट्टे तसेच कडक होतात, आणि मग ते पॉलिशनेच काढावे लागतात. लावल्यावर किमान एक दिवस पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको. वळवाच्या दिवसांत उघड्यावर हे कसं सांभाळणार? छप्पर मिळालं आणि गाडी स्वतः धुवायला लागलात, तर हिवाळ्यात कोरड्या हवेत जरूर विचार करा.

म्हणून आत्ता पॉलिमर सीलंट. फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर नाण्याएवढं घेऊन पूर्ण पॅनलवर दिसेल-न दिसेल इतका पातळ थर द्या. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हाल होतात. बाटलीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, बोट ओढून पाहा. खालून स्वच्छ रंग दिसला तर पुसायला घ्या. जमल्यास गाडी रात्रभर कोरडी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी टप, बॉनेट, डिकी यांना दुसरा हात द्या; ऊन आणि पाऊस तिथेच जास्त बसतो. पुढचा हात दसरा-दिवाळीच्या सुमारास, गाडी धुऊन, पॉलिश न करता.

आता त्या रोजच्या फडक्याबद्दल. गाडी धुणाऱ्या दादांना दोष देऊ नका. एका सकाळी त्यांना वीस-पंचवीस गाड्या, एक बादली आणि एक-दोन फडकी एवढ्यावर काम करायचं असतं. त्यांना सांगा की रोज बाहेरून पुसायचं नाही. आतून झाडणं, काचा आणि चाकं एवढंच करा, पैसे तेच राहतील. मला आजवर यावर कोणी नाराज झालेलं दिसलं नाही. कोरड्या गाडीवर झटकणं किंवा फडकं मारणं पूर्ण बंद. बाहेरून आठवड्यातून एकदा तुम्ही धुवा. पाण्याची टंचाई असेल तर रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण) वापरा: एका बादलीत, आठ-दहा लिटर पाण्यात सगळी गाडी होते. सहा-सात मायक्रोफायबर फडकी त्यात भिजवायची, प्रत्येकाची घडी घालून आठ बाजू करायच्या, एका बाजूने एकच पट्टा पुसून बाजू बदलायची, लगेच दुसऱ्या फडक्याने कोरडं करायचं. चिखल थापलेला असेल त्या दिवशी मात्र हे चालत नाही, आधी पाणी मारावंच लागतं.

आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी गाडी धुवायला साठवून ठेवा असा सल्ला हल्ली सगळे देतात. पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. ते फरशी धुवायला वापरा, रंगावर नको. त्याउलट एसीच्या नळीतून पडणारं पाणी हवेतल्या वाफेचं असतं, क्षार जवळजवळ नसतातच. ते कपड्यातून गाळून कॅनमध्ये साठवा आणि टप, बॉनेट यांच्या शेवटच्या खळबळणीला किंवा क्लेच्या फवाऱ्याला वापरा. उन्हाळ्यात एका खोलीच्या एसीचं पाणीही या कामाला पुरून उरतं. आणि गाडी कुठल्याही पाण्याने धुतली तरी हवेवर सुकायला सोडू नका, मोठ्या टॉवेलने थापून लगेच कोरडी करा.

तीन आठवड्यांत सगळं होणार नाही असं वाटलं तर पॉलिश फक्त बॉनेट, टप आणि डिकीचं करा. बाजूचे दरवाजे नुसते धुऊन, क्ले करून, अल्कोहोलने पुसून सीलंट लावा. उभ्या पॅनलवरचे चरे तसेही कमी दिसतात आणि ते नोव्हेंबरपर्यंत थांबू शकतात. आधी वळीव आला आणि गाडी भिजली तर घाबरून जाऊ नका, पावसाचं पाणी टँकरच्या पाण्यापेक्षा मृदू असतं. अर्धवट पॉलिश झालेली गाडी पुन्हा धुवा, वाळवा आणि सोडलेल्या पॅनलपासून पुढे चालू करा. चाचणीच्या तुकड्याचे अल्कोहोलने पुसल्यानंतरचे फोटो, कडेने टॉर्च मारून काढलेले, इथे टाका. मध्यम पॅडवर जायची गरज आहे का ते त्यावरून सांगता येईल.